दोन घरं खाली

माझे भावोजी विठोजीराव दिवसातून सरासरी अकरा वेळा ‘बँडमास्तर’ हा शब्द उच्चारायचे. सरासरी मी काढलेली आहे, त्यामुळे ती बरोबर आहे. घड्याळाच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून एकतीस वर्षं मी स्क्रू, स्प्रिंगा आणि माणसं मोजत आलो. त्यात स्क्रू सगळ्यांत कमी खोटं बोलतात.

अकरापैकी नऊ वेळा तो शब्द रागाने यायचा आणि दोनदा उसासा टाकून. भावोजी पलटणीच्या बँडमध्ये सव्वीस वर्षं क्लॅरिनेट वाजवून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण बँडमास्तरची छडी काही त्यांच्या हातात आली नाही. ती आली उपेंद्रअण्णांच्या हातात. उपेंद्रअण्णा आमच्याच हलसूरचे, दोन गल्ल्या पलीकडे राहणारे. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी त्यांच्या चालण्यात छडी होती. बाजारात भेटले की भावोजींच्या खांद्यावर हात टाकून, भाजीवाल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, “हा आमचा विठोजी! फुंकावं ते ह्यानं! लिहिणं त्याचं काम नव्हे, ते सोडा. पण फुंकावं ते ह्यानंच!”

भावोजी हसायचे. घरी येऊन त्या दिवशी अकराचे सोळा व्हायचे.

‘लिहिणं’ म्हणजे काय ते सांगतो, कारण मलाही ते उशिरा कळलं. एखादी चीज ज्या वाद्यांसाठी रचलेली असते, ती आपल्यापाशी नसतात. मग आहेत त्या वाद्यांमध्ये ती वाटून द्यायची आणि प्रत्येकाचा कागद वेगळा लिहून काढायचा. बँडमध्ये हे काम बँडमास्तरचं. बाकीच्यांनी पुढ्यात आलेला कागद वाजवायचा, प्रश्न विचारायचे नाहीत.

दरवर्षी पलटणीच्या पेन्शनरांचं संमेलन हलसूरच्या सभागृहात भरायचं. अध्यक्ष अर्थात उपेंद्रअण्णा. चौऱ्याण्णव साली संमेलनाला दोन महिने उरले असताना भावोजींनी जेवता जेवता जाहीर केलं, “यंदा मी लिहिणार. माझं लिहिलेलं तिथे वाजणार, आणि उपेंद्र पहिल्या रांगेत बसून ऐकणार.”

“कोण वाजवणार?” सकवारअक्काने विचारलं. सकवारअक्का ही माझी थोरली बहीण, भावोजींची बायको. “तुमच्या जुन्या मंडळींपैकी दात कुणाला उरलेत?”

ही टीका सार्थ होती. भावोजींचेही पुढचे दात गेले होते आणि क्लॅरिनेट तर सरकारचं, ते निवृत्तीच्या दिवशीच जमा झालं होतं.

“प्रणीत वाजवणार,” भावोजी म्हणाले.

प्रणीत हा त्यांचा धाकटा मुलगा, इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्याच्या खांद्याला रुळणारे केस होते, लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार होती आणि चौघांचा एक रॉक बँड होता. बँडचं नाव दर महिन्याला बदलायचं. पाच नावांनंतर मी नोंद ठेवणं सोडून दिलं.

“अप्पा, आम्ही मार्च वाजवत नाही,” प्रणीत म्हणाला.

“मार्च कोण म्हणतंय? कन्चेर्टो.”

“ते काय असतं?” अक्का.

“एकटा विरुद्ध सगळे,” भावोजींनी समजावलं. “एक जण मुख्य वाजवणारा, आणि पुढ्यात अख्खा ऑर्केस्ट्रा. तो बोलतो, हे उत्तर देतात. तो पळतो, हे अडवतात. शेवटी सगळे मिळून त्याला घरी आणून सोडतात.”

“म्हणजे लग्न झालेला पुरुष,” अक्का म्हणाली आणि ताक वाढायला लागली.

भावोजींनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. युनिफॉर्मच्या घडीखालून एक पिवळा पडलेला, नऊ पानांचा कागद निघाला. कुणा जर्मन साहेबाने अडीचशे वर्षांपूर्वी रचलेला व्हायोलिनचा कन्चेर्टो, जी मायनर सुरातला. पलटणीच्या बँडने तो एकदा ब्रिगेडियरसाठी वाजवला होता, आणि व्हायोलिनचं काम भावोजींच्या क्लॅरिनेटला मिळालं होतं. सव्वीस वर्षांतली ती एकच संध्याकाळ, जेव्हा ते रांगेतून उठून पुढे उभे राहिले होते. कागद त्यांनी देवासारखा जपला होता.

मी कागद हातात घेऊन पाहिला. स्वरलिपी मला कळत नाही, पण नोंद कशी असावी ते कळतं.

“भावोजी, ह्यावर नुसतं ‘सोलो’ लिहिलंय. वाद्याचं नाव नाही.”

“मला माहीत आहे ना कोणाचं आहे ते!”

“ते तुम्हाला माहीत आहे. कागदाला कुठे माहीत आहे?”

“स्टोअरकीपर, तुम्ही ताक प्या.”

प्रणीतने कागद घेतला, सवयीने गिटार मांडीवर ओढली आणि एक ओळ हळूहळू वाचत वाजवली. मग तीच ओळ भरभर. मग त्याच्या तोंडाचा आ झाला.

“अप्पा, हे अडीचशे वर्षांपूर्वी लिहिलं? हा तर मेटल आहे! आणि बोटांना काय बसतंय! जणू गिटारसाठीच केलंय.”

भावोजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्या पाहण्याची मला स्वतंत्र नोंद करावी लागली.

पुढचे दोन आठवडे भावोजी वाटप करत होते. शिवानी ही बँडची कीबोर्डवाली. ती लहानपणी नन्सकडे पियानो शिकलेली, त्यामुळे मूळ रचनेचा छापील पियानोसाठीचा कागद तिने कॉन्व्हेंटमधून आणून दिला. त्यावरून भावोजींनी बारा व्हायोलिनं तिच्या उजव्या हातात कोंबली, मधल्या सुरांची सहा माणसं डाव्या हातात, आणि जाड आवाजाची मोठी वाद्यं अभिमन्यूच्या बास गिटारला दिली. अभिमन्यू हा मुलगा तीन वर्षांत माझ्यासमोर एकूण नऊ वाक्यं बोलला, त्यामुळे त्याने तक्रार केली नाही. तक्रार केली विलासने. विलास ड्रम वाजवायचा.

“अप्पा, मूळ कागदात ड्रमच नाहीत.”

“नाहीत तर नाहीत. गप्प बस.”

“पूर्ण वेळ?”

“तू गप्प बसलास तर तो चमत्कार बघायला लोक तिकीट काढतील,” शिवानी म्हणाली.

भावोजींना दया आली. रात्रंदिवस विचार करून त्यांनी विलासला असं काम लिहून दिलं, की जिथे ऑर्केस्ट्रा एकत्र बोलतो तिथे त्याने फोडायचं आणि प्रणीत एकटा बोलत असेल तिथे घड्याळासारखं टिकटिकायचं. घड्याळाचा उल्लेख माझ्या मानासाठी होता असं ते म्हणाले. मला वाटतं ते खरं होतं.

एक गोष्ट मात्र भावोजींनी पलटणीच्या शिस्तीने केली. आधी तुकडी, मग परेड. आपापला कागद प्रत्येकाने वेगळा पक्का करायचा. तो बिनचूक झाल्याशिवाय कुणी कुणाबरोबर वाजवायचं नाही. कॅसेट ऐकायलाही मनाई. “ऐकाल तर नक्कल कराल.” म्हणून प्रणीत गच्चीवरच्या खोलीत, शिवानी तिच्या घरी, अभिमन्यू कुठे ते कुणालाच ठाऊक नाही, आणि विलास रबराच्या तुकड्यावर असे सहा आठवडे गेले. भावोजी सायकलवरून प्रत्येकाकडे जाऊन तपासणी करायचे, बरोबर गुणगुणायचे. प्रणीतकडे गुणगुणले, बिनचूक. शिवानीकडे गुणगुणले, बिनचूक. माणूस समोरच्याच्या सुरात गुणगुणतो, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

संमेलन रविवारी होतं. गुरुवारी मी रजा टाकली आणि आम्ही सगळे एका टेम्पोत बसून शहराबाहेर मारतहळ्ळीला निघालो. मारतहळ्ळीला त्या काळी शेतं होती, आणि एका शेताच्या कडेला विलासच्या मावशीची, सोयराबाईंची, कोंबड्यांची लांबलचक शेड होती. अर्धी शेड रिकामी आणि अर्ध्या भागात जाळीपलीकडे दोनशे बारा कोंबड्या. आवाजाची तक्रार करणारं दुसरं कुणी नव्हतं.

सोयराबाई खुर्ची टाकून बसल्या. “करा सुरू. पण माझी अंडी कमी झाली तर बघा.”

भावोजींनी छडी म्हणून सकवारअक्काची विणकामाची सुई आणली होती. ती उचलली. कन्चेर्टोची सुरुवात ऑर्केस्ट्रा करतो, मुख्य वादक गप्प उभा राहतो. शिवानी, अभिमन्यू आणि विलास यांनी जे काही सुरू केलं ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. भावोजींची मान ताठ झाली. अठ्ठावीस मात्रा मोजून त्यांनी प्रणीतला इशारा केला, आणि प्रणीत आत शिरला.

त्यानंतरच्या आवाजाची तुलना कशाशी करावी ते मला आजही सुचलेलं नाही. दोन बसगाड्या एकमेकींना घासत गेल्या आणि दोन्हींचे चालक सुरात रडत होते, असं काहीसं. दोनशे बारा कोंबड्या एकदम गप्प झाल्या.

“अय्यो,” सोयराबाई म्हणाल्या.

“प्रणीत, चुकतोयस!” शिवानी ओरडली.

“मी? कागदावर आहे तेच वाजवतोय! तू चुकतेयस!”

“माझा छापील आहे!”

“माझा काही चुकत नाही,” विलास आनंदाने म्हणाला. “ड्रम बेसूर होऊच शकत नाही.”

“पुन्हा,” भावोजी म्हणाले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा भावोजींनी सुई खाली ठेवली आणि एकेकाच्या पुढ्यातला कागद उचलायला सुरुवात केली. त्यांचा चेहरा मी बत्तीस वर्षं ओळखतो. रागावले असते तर बरं झालं असतं.

“अप्पा, काय करताय?”

“उपेंद्र बरोबर म्हणत होता,” भावोजी म्हणाले. “लिहिणं माझं काम नव्हे. रविवारी सिनेमाची गाणी वाजवा. मी अध्यक्षांना सांगून येतो.”

आता स्टोअरमधलं एक शहाणपण सांगतो. वजनाची नोंद तपासताना एका पोत्यात दोन किलो कमी, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात काहीच नाही, असं निघालं तर समजावं, माणूस चुकतोय किंवा चोरतोय. पण प्रत्येक पोत्यात बरोबर दोनच किलोचा फरक निघाला, तर माणसांना शिव्या देऊ नयेत. काटा बघावा.

“भावोजी, थांबा,” मी म्हटलं. “शिवानी, तुझ्या पहिल्या उत्तराच्या ओळीत प्रणीतबरोबर एकच स्वर कुठे येतो?”

“इथे, अंकल. इथे दोघं एकच वाजवतो. म्हणजे वाजवायला हवं.”

“तो तू वाजव. प्रणीत, तू तुझा. आता शिवानी, तुझ्या कीबोर्डवर त्याचा स्वर शोध. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून कितीवर आहे?”

तिने शोधला. “दोन वर.”

“दुसऱ्या ओळीत?”

“दोन वर.”

अशा मी चौदा जागा तपासल्या. सगळे कंटाळले. विलास कोंबड्यांकडे जाऊन बसला. चौदाच्या चौदा जागी दोन.

“कुणीच चुकत नाहीये,” मी म्हटलं. “दोघांपैकी एकाचा काटा दोन घरं सरकलाय.”

भावोजी कागद छातीशी धरून उभे होते. त्यांचे ओठ हलले, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून शिवानीने त्यांना खुर्ची दिली.

“क्लॅरिनेट,” ते म्हणाले. “क्लॅरिनेट लिहितात त्याच्यापेक्षा दोन घरं खाली वाजतं. त्याची बनावटच तशी. म्हणून बँडमास्तर त्याचा कागद मुद्दाम दोन घरं वर चढवून लिहितो. ते त्याने करायचं असतं, आम्ही नुसतं वाजवायचं. इतकी वर्षं हा कागद बघत आलो. माझ्या लेखी तो तसाच होता. आणि मी तो तसाच ह्याच्या हातात दिला.”

जाळीपलीकडे एक कोंबडी तेवढी काहीतरी पुटपुटली.

“पुन्हा लिहून काढू,” शिवानी हळूच म्हणाली. “सगळं दोन घरं खाली.”

“आणि तीन दिवसांत बोटं नवीन लावू?” प्रणीत म्हणाला. “नऊ पानं आहेत! ह्या जागा माझ्या झोपेतही बसल्यात. शिवा, तुझाच कीबोर्ड वर चढव ना. बटण असतं.”

“महागड्यांना असतं. हा नन्सचा आहे.”

“बस झालं,” भावोजी म्हणाले. “मुलांनो, तुमचा काही दोष नाही.”

मला राग आला. भावोजींचा नाही, त्या पद्धतीचा. “काटा सरकला म्हणून कुणी सगळी पोती पुन्हा भरतं का?” मी म्हटलं. “काटा शून्यावर आणतात! प्रणीत, तुझ्या गिटारला त्या खुंट्या कशासाठी आहेत? सगळ्या तारा दोन दोन घरं सैल करता येत नाहीत का?”

प्रणीतने माझ्याकडे पाहिलं. मग गिटारकडे. मग पुन्हा माझ्याकडे, आणि मामा ह्या प्राण्याबद्दलचं त्याचं मत बदलताना मला दिसलं.

“मामा,” तो म्हणाला, “मी गाढव आहे.”

“ते नंतर लिहून घेऊ. आधी खुंट्या.”

सहा खुंट्या, शिवानीचा एकेक स्वर, तीन-चार मिनिटांचं काम. भावोजींनी सुई उचलली नाही, नुसती मान हलवली. ऑर्केस्ट्रा सुरू झाला, अठ्ठावीस मात्रा संपल्या आणि प्रणीत आत शिरला. त्याच जागा, तीच बोटं. सैल तारांमुळे गिटार आता खर्जात गुरगुरत होती, एखाद्या पैलवानाने गोड बोलायचं ठरवावं तशी. ती ऑर्केस्ट्राला भिडली, पळाली, त्यांनी अडवली, आणि शेवटच्या ओळीला सगळ्यांनी मिळून घरी आणून सोडली.

भावोजींनी चष्मा काढून पुसला. पुसायला बराच वेळ लागला.

“हे बरं आहे,” सोयराबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी अंडी नेहमीपेक्षा सात जास्त निघाली, असं विलासने कळवलं. दोन्ही गोष्टींचा संबंध आहे असा माझा दावा नाही, पण आकडा आहे तो आहे.

सैल तारा मध्येच कुरकुरत होत्या म्हणून प्रणीतने ब्रिगेड रोडवरून जाड तारांचा संच आणला आणि तीन दिवस हात घासला.

रविवारी सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत मधोमध उपेंद्रअण्णा, पांढरी मिशी, छातीवर पदकं. भावोजी काळ्या कोटात. विणकामाच्या सुईऐवजी हातात पेन्सिल होती, कारण अक्काला सुई परत हवी होती. ऑर्केस्ट्रा सुरू झाला आणि प्रणीत लाल गिटार गळ्यात घालून, हात खाली सोडून उभा राहिला. दहा मात्रा. पंधरा. पेन्शनरांत कुजबुज सुरू झाली. मुलगा विसरला वाटतं.

विसाव्या मात्रेला सकवारअक्काला राहवेना. “अरे, वाजव ना!” ती दुसऱ्या रांगेतून म्हणाली.

“थांब अक्का,” मी म्हटलं. “अजून आठ आहेत.”

आठ झाल्या आणि प्रणीत आत शिरला. पुढच्या बारा मिनिटांचं वर्णन मी करत नाही. ज्यांच्या कानांना फक्त बिगूल ऐकू येतो अशी ख्याती होती, ते म्हातारे पायाने ठेका धरत होते एवढं सांगतो. मी एकशे चार पाय मोजले. त्यातला एक लाकडी होता आणि तोही तालात होता.

टाळ्या संपल्यावर उपेंद्रअण्णा मंचावर आले, त्यांच्या मागोमाग मीही. भावोजींकडे न जाता ते थेट प्रणीतकडे गेले.

“गिटार उतरवलीस?”

“हो.”

“दोन घरं?”

“हो, अण्णा.”

“हं.” ते भावोजींकडे वळले. “बोटांना सोपं पडावं आणि आवाजाला वजन यावं म्हणून? विठोजी, ही अक्कल कुठून आणलीस? मला नसतं सुचलं.”

सव्वीस वर्षं आणि वर सात, एवढ्या मुदतीनंतर आलेलं वाक्य होतं ते. मी भावोजींच्या पायावर पाय दिला. घ्या ते, असा त्याचा अर्थ होता. भावोजींनी पाय काढून घेतला.

“अक्कल कसली अण्णा, चूक होती,” ते म्हणाले. “क्लॅरिनेटचा कागद मी पोराला तसाच दिला. कोंबड्यांच्या शेडमध्ये फजिती झाली. ह्या आमच्या मेव्हण्याने काटा धरला म्हणून वाचलो.”

भावोजींच्या खात्यातली ही एकच नोंद मला आयुष्यभर जुळवता आलेली नाही. हातात आलेला माल कुणी असा परत करतं का?

उपेंद्रअण्णांची मिशी हलली. “बघू तो कागद.”

भावोजींनी खिशातून घडी काढून दिली. अण्णांनी ती चष्म्याजवळ नेली, दूर धरली, पुन्हा जवळ नेली. मी मान लांब करून पाहिलं तेव्हा मला कळलं ते काय बघताहेत. ते त्यांचंच अक्षर बघत होते.

“हे मी उतरवून दिलं होतं,” अण्णा म्हणाले. “ब्रिगेडियर यायच्या आदल्या दिवशी. घाईत.” मग वरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून, “वर वाद्याचं नाव लिहायचं राहिलं माझ्याकडून.”

“मी तेव्हाच म्हटलं होतं,” मी म्हटलं.

“तुम्ही कोण?”

“स्टोअरकीपर.”

“सरी, ठीक आहे,” अण्णा म्हणाले. त्यांनी मंचावरच्या रिकाम्या खुर्चीवर कागद पसरला, खिशातलं पेन काढलं आणि वरच्या कोपऱ्यात लिहिलं: क्लॅरिनेट. खाली सही केली आणि त्या दिवसाची तारीख टाकली. नोंद उशिराची, पण सहीनिशी. माझ्यासारख्या माणसाला गहिवरून येण्यासाठी एवढं पुरतं.

“आणि विठोजी, पुढच्या वर्षी लिहिताना त्यात हॉर्न घालणार असशील, तर आधी मला विचार. हॉर्न दोन नव्हे, सात घरं खाली वाजतो.”

“सात मला माहीत आहे,” भावोजी म्हणाले.

“माहीत होतं तर हे दोन कसे विसरलास?”

“दोन माझेच होते अण्णा. घरातलं माणूस कोण मोजतो?”

त्यांनी अण्णांच्या हातातून पेन घेतलं आणि अण्णांच्या सहीखाली पुढची ओळ लिहिली: गिटारसाठी, दोन घरं उतरवून. विठोजी.

मग कागद माझ्याकडे तपासायला दिला. मी वरून खालपर्यंत पाहिला आणि परत केला. कमी काही नव्हतं.